दंडावरचं घड्याळ

आमच्या घरात किल्ली न देता चालणाऱ्या दोनच गोष्टी होत्या, दादांचं घड्याळ आणि मायचं तोंड. दोन्ही हाताच्या हलण्यावर चालायची. माय जात्यावर बसली की तिचं बोलणं सुरू, भाकरी थापायला बसली की सुरू, आणि हात थांबले की तीही थांबायची. दादांच्या घड्याळाचं तसंच होतं. आत म्हणे एक अर्धं चाक लोंबकळतं, ते मनगटाबरोबर फिरतं आणि स्प्रिंगला आपोआप पीळ बसतो. दादा म्हणजे माझे वडील, गणपत. यशवंतकाका त्यांना दादा म्हणत म्हणून मीही तेच शिकले, आणि पुढं साऱ्या भीमनगराचे ते दादा झाले. ते तापानं अंथरुणाला लागले की घड्याळही थांबायचं. मग माय ते आपल्या हातात चढवायची आणि दळायला बसायची. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, आणि मधेच तिचं घड्याळ कानाशी नेऊन बघणं, हे मला अजून दिसतं. दळायला धान्य नसलं तर रिकामाच हात हलवत बसायची. "नवऱ्याचं घड्याळ बंद पडल्यालं चांगलं न्हाय," एवढंच कारण. त्यावर कुणी हसलं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

घड्याळ साधं नव्हतं. गोदीत कामाला असताना दादा पाण्याखाली जायचे. जहाजाच्या पंख्यात अडकलेला दोर सोडवणं, बुडालेला माल वर काढणं, असली कामं. एकदा एका परदेशी जहाजाचा पंखा त्यांनी मोकळा केला, तेव्हा तिथल्या गोऱ्या साहेबानं खूश होऊन आपल्या हातातलं काढून दिलं. पाणबुड्यांसाठीच बनवलेलं, परदेशातलं, मोठ्या नावाचं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, मी फुकट जाहिरात का करू? पुढं दादांचा एक कान फुटला आणि ते तेरला, आपल्या गावी, परत आले, तेव्हा पोलीस पाटलानं पहिला प्रश्न केला, "गणपा, कुणाचं मारलंस रं हे?" उत्तर मायनं दिलं, आणि ते पाटलाला बरेच दिवस पुरलं.

तेरला समुद्र कुठला? पण विहिरी होत्या. कुणाची घागर पडायची, कुणाच्या मोटरच्या पाइपाचा तळातला व्हॉल्व्ह गाळात रुतायचा. आमच्याकडं त्याला सगळे फुटबॉलच म्हणतात. असं काही झालं की माणूस भीमनगरात यायचा. दादा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायचे आणि दोराचं दुसरं टोक मायच्या हातात. दुसऱ्या कुणाच्या हातात ते द्यायचेच नाहीत. पुरुष हसायचे, बायकोच्या हातात कासरा दिला म्हणायचे. हसू देत. दोराची एक भाषा ठरलेली होती. खालून एकदा ओढलं, तर ढील दे. दोनदा ओढलं, तर वर घे. आणि वरून मायनं दोनदा ओढलं तर, बास झालं, आता वर या. दोन्हींत भांडण झालं तर खालच्याचं खरं, कारण काम त्याला दिसतंय.

पाण्यात जाण्याआधी दादा घड्याळाच्या काचेभोवतीची रिंग फिरवत. तिच्यावर एक तिकोनी खूण होती. ती मिनिटकाट्यावर आणून ठेवायची, आणि काटा खुणेच्या दोन रेघा, म्हणजे दोन मिनिटं, पुढं गेला की वर यायचं. गढूळ पाण्यात घड्याळ डोळ्याला भिडवून वाचायचे म्हणे. मी एकदा विचारलं, दम संपला की माणसाला आपोआप कळत नाही का? तर म्हणाले, "छाती खोटं बोलती, पोरी. लई येळ आत राह्यलं की ती म्हणती, आजून दम हाय, आजून हाय. तितंच मानूस जातंय. घड्याळ खोटं बोलत न्हाय."

दादा खाली असले की माय काय करायची, हे मात्र त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. ते बुडाले की ती खोल श्वास घ्यायची आणि धरून ठेवायची. ओठ मिटलेले, गळ्याच्या शिरा टरारलेल्या, डोळे पाण्यावर. दम संपला की भस्सकन सोडायची, दुसरा घ्यायची आणि तोही धरायची. दुसरा संपेपर्यंत दादा वर आले नाहीत तर दोर ओढायची. तिचं तोंड बंद राहायचं ते तेवढ्याच वेळी, म्हणून आम्हा पोरांना त्याची भीती वाटायची. दादांचं डोकं पाण्यावर आलं की तिचं बोलणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू.

मोठ्या दुष्काळाचं माझं बालपण म्हणजे लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी, शाळेत मिळणारी सुकडी, आणि हुलग्याचं माडगं, जे मला आजही आवडतं आणि माझ्या सुनेला बघवत नाही. त्या साली पाटलांच्या विहिरीत दादा किती वेळा उतरले असतील! गाळ काढला, दगड काढले, पाण्याला वाट करून दिली. आणि त्याच विहिरीवर आम्ही घागर घेऊन गेलो की लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. विहिरीत उतरायला माझा बाप चालायचा, पाणी शेंदायला माझी माय चालत नव्हती. एवढा मोठा माणूस अख्खाच्या अख्खा त्या पाण्यात बुडून यायचा, आणि बाटायची ती आमची घागर! म्हातारी झाले तरी हा हिशेब मला लागत नाही. दादा म्हणायचे, सोड. माय सोडायची नाही, आणि मी मायवर गेले आहे.

मग यशवंतकाका शिकले. दादांनीच शिकवलं, आयटीआयला वेल्डिंगला घातलं, आणि काका तिकडं आखातात समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर कामाला गेले. मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात असताना ते पहिल्यांदा सुट्टीवर आले. पुन्हा पाऊस रुसला होता. तेरणेच्या पात्रात गुरं बसत होती. काका एसटीतून उतरले ते हातात एक छोटी चौकोनी पेटी घेऊन, आणि घरात पाय टाकायच्या आत ती दादांच्या पुढं धरली. "दादा, तुमच्यासाटी. तुमच्याच कंपनीचं हाय. तेच घड्याळ, नवं."

माय चुलीपुढून ओरडली, "भावजी, घरावर पत्रं न्हाईत आन् तुमी घड्याळं काय आणताव!" पण तीही पदराला हात पुसत बघायला आलीच. शेजारची गया आत्या आली, तिच्यामागून निम्मं भीमनगर आलं. काकांनी बाजेवर गोधडी अंथरली आणि तिच्यावर दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी ठेवली. नवरी बघायला जमावीत तशी माणसं वाकून वाकून बघत होती.

एकच चेहरा होता, हे खरं. तेच गोल ठिपके, तेच जाड काटे, तीच तिकोनी खूण. पण जुन्याची काच प्लास्टिकची, फुगीर, चरे पडलेली. दादा ती टूथपावडरनं घासून उजळायचे. नव्याची काच सपाट, आणि इतकी टणक की काकांनी तिच्यावर दाभण ओढलं. सगळे "आऽऽ" करून ओरडले, आणि काचेवर रेघसुद्धा नाही. जुन्याची काळी तबकडी उन्हानं आणि वर्षांनी विटून तांबूस झाली होती, गूळ जरा जास्त कढला की होतो तशी. ठिपके जुन्या तुपाच्या रंगाचे. माय नवी नवरी होती तेव्हा ते अंधारात काजव्यासारखे चमकायचे म्हणे, आता विझले होते. काकांनी नवं घड्याळ उन्हात धरून लगेच गोधडीखाली नेलं, आणि पोरं एकेक करून गोधडीत डोकं घालून हिरवा उजेड बघून आली. नव्यात तारीख होती. गया आत्या म्हणाली, "आमाला तारीक काय करायची गं बाई, रोज सारकाच." नव्याचा पट्टा पोलादी, आणि त्यात एक घडी दडवलेली. ती उलगडली की पट्टा बोटभर लांब होतो, पाणबुड्याच्या जाड कपड्यावरूनही बांधता यावं म्हणून. माय म्हणाली, "म्हशीच्या गळ्यात बी यील की हे!"

दादांनी दोन्ही तळहातांवर दोन घड्याळं घेतली आणि तोलून बघितली. "हे जड हाय," ते म्हणाले. "माझं हातावर हाय का न्हाय, कळत न्हाय."

"जड हाय कारण मजबूत हाय, दादा. तुमच्यापेक्षा दुप्पट खोल जातंय."

"आपल्या हिरी तेवढ्या खोल कुटं हायत, यशवंता?"

सगळे हसले. मग कुणीतरी म्हणालं, पाण्यात घालून बघा. हंड्याकडं काकांचा हात गेला तशी माय आडवी आली, "प्यायच्या पान्यात? डोसकं फिरलंय का?" शेवटी तांब्याभर पाणी मिळालं. अख्ख्या समुद्राला न भिणाऱ्या त्या दोन घड्याळांची परीक्षा आमच्याकडं तांब्यात झाली, आणि ते पाणी नंतर शेळीला पाजलं. दोन्ही पास. गया आत्यानं निकाल दिला, "सासू-सून हायत. नाक एकच, पर सुनंचा तोरा बगा!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण काकांना नव्याचा एक गुण सांगायचा राहिला होता. त्यांनी रिंग फिरवून दाखवली. कट् कट् कट् आवाज करत ती डावीकडं फिरली. उजवीकडं मात्र जोर लावला तरी हलेना. "ही एकाच बाजूला फिरती," काका म्हणाले. "ह्यातच खरी अक्कल हाय. पान्यात कुटं ठोकर लागली, रिंग सरकली, तर ती डावीकडंच सरकंल. म्हंजे वेळ जास्त झाला आसं दिसंल, मानूस उलट लवकर वर यील. उशीर कवाच न्हाई व्हनार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माय डोलावेना. "आन् ह्यांच्या जुन्याची?"

"ती दोन्हीकडं फिरती, वैनी. जुनी सगळी तसलीच. त्यात घासून ढिली बी झालीय."

"उजवीकडं सरकली तर?"

काका दादांकडं बघायला लागले. माय म्हणाली, "त्येंच्याकडं काय बघताव? मला सांगा."

"तर... खूण काट्याच्या मागोमाग पुढं सरकंल, वैनी. वेळ कमी झाला आसं दिसंल."

माय खाली बसली. मग हळू आवाजात म्हणाली, आणि तिचा हळू आवाज आम्हाला माहीतच नव्हता, "म्हंजे मानूस खाली मरतंय, आन् हे म्हनतंय, आजून दम हाय, आजून हाय. छातीवानीच खोटारडं हाय की हो हे. आन् इतकी वर्सं म्या ह्याला हातात घालून दळन दळलं!"

दादा म्हणाले, "इतक्या वर्सांत खोटं बोललं न्हाय." त्यांनी जुनं घड्याळ मनगटावर चढवलं, नवं पेटीत घालून फळीवर ठेवलं. "चांगलं हाय, यशवंता. नवं हाय, गढूळ पान्यात कशाला खराब करायचं? राहू दे." काकांचा चेहरा उतरला. मायनं त्यांच्यासाठी जपून ठेवलेल्या शेंगदाण्याची चटणी कुटली होती, अंबाडीची भाजी केली होती. काकांनी दोन घास खाल्ले आणि पोट भरलं म्हणाले. मला दादांचा राग आला होता. आज त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढं गेले, तेव्हा कळतं. त्यांच्या कानात सतत शिट्टी वाजायची, बुडी मारून आले की बराच वेळ भिंतीला धरून उभे राहायचे. ते जुनं घड्याळ हातावर असलं की ते गोदीतले गणपत असायचे, ज्याला साहेबानं हातातलं काढून दिलं. नवं घातलं की ते कोण? धाकट्या भावानं जपावा असा म्हातारा. माणसाला मरण परवडतं, पण हे नाही परवडत.

पुढचे काही दिवस मायचा रोज एकच धोशा. घाला ते नवं, न्हाय तर बुडी मारायचं बंद करा. दादा एका कानानं बहिरे होतेच. तो कान तिच्याकडं करून बसायचे.

आणि मग सोसायटीच्या विहिरीवरून फटफटीवर माणूस आला. नदीच्या काठाला सोसायटीची मोठी विहीर होती, सहकारी पाणीपुरवठ्याची. ऊस तर कधीच वाळला होता, पण आता तिच्यावर टँकर भरत होते, गावाचे, शेजारच्या वाडीचे आणि आमचेही. सोसायटी सगळ्या सभासदांची म्हणून तिच्या पाण्याला कुणी आम्हाला हात लावू नका म्हणू शकत नव्हतं. तेवढं एक सहकारानं बरं केलं. त्या विहिरीतला फुटबॉल तळातल्या गाळात आणि दगडांत रुतून बसला होता. मोटर बंद, टँकर उभे, चेअरमननी बोलावलं होतं. माय म्हणाली, "जाऊ नगा." दादा म्हणाले, "दोन गावचं पानी हाय, सोजर. आपलं बी हाय." आणि जुन्या घड्याळाचा पट्टा आवळत बाहेर पडले.

मायनं दोर खांद्यावर टाकला. मग परत आत गेली, फळीवरची पेटी काढली आणि नवं घड्याळ आपल्या हातात घातलं. त्या पट्ट्यात तिचं मनगट म्हणजे घागरीत चमचा. तिनं ते बांगड्यांच्या वर, कोपराच्या वर, पार दंडावर सरकवलं. तिथं ते घट्ट बसलं.

"माय, आसं कुणी घालतं का?" मी म्हणाले. मला लाज वाटत होती, लोक बघणार म्हणून.

"गप, इमल. तू फकस्त काटा बघ. दोन रेघा झाल्या की मला सांग."

विहिरीवर ही गर्दी. घागरी, कळश्या, टँकरवाले, गया आत्या आपल्या हंड्यावर बसलेली. यशवंतकाका आमच्यामागून आलेले. चेअरमन छत्री धरून उभे. दादांनी मायच्या दंडाकडं बघितलं आणि त्यांच्या मिशीत हसू आलं. "कुणाचं लगीन हाय?"

"तुमचं तुमी बघा. माझं म्या बघती."

दादांनी रिंग फिरवून खूण काट्यावर आणली आणि "हां" म्हणाले. त्याच वेळी मायनंही दंडावरची रिंग फिरवली, कट् कट् कट्, मी बोट ठेवलं तिथं आणून थांबवली. दादा पाण्यात गेले. एक घड्याळ खाली, एक वर. पहिल्या बुड्या नीट झाल्या. ते येत, कठड्याला धरून दम घेत, पुन्हा खूण लावत, मायही लावत असे, पुन्हा खाली. दगड सुटतोय म्हणाले. आता ह्या बुडीत निघंल म्हणाले, आणि गेले.

मी मायचा दंड दोन्ही हातांनी धरून काट्याकडं बघत होते. तिनं एक श्वास धरला, सोडला, दुसरा धरला. काटा दुसऱ्या रेघेवर आला. "झालं, माय." तिनं दोर दोनदा ओढला. खालून उत्तर आलं. एकदा. ढील दे.

"दे ढील," चेअरमन म्हणाले. "सुटत आलंय ते."

मायनं पुन्हा दोनदा ओढलं. खालून पुन्हा एकदाच. तोपर्यंत काटा रेघेच्या पुढं गेला होता. मायचा चेहरा काळानिळा पडला होता. काका म्हणाले, "वैनी, दादा ढील मागत्यात. त्येंच्या घड्याळात आजून वेळ आसंल."

भस्सकन मायचा श्वास सुटला आणि ती ओरडली, "वढाऽऽ! यशवंता, वढ!" दिराला तिनं जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती. चेअरमन "अगं ए बाई" करत पुढं आले. खालच्याचं ऐकायचं, हा विहिरीचा कायदा सगळ्यांना माहीत होता. काकांनाही होता. ते क्षणभर जागच्या जागी राहिले, मग त्यांची नजर तिच्या दंडावर गेली, आपणच आणलेल्या घड्याळावर. त्यांनी दोराला हात घातला आणि दोघं मागं रेलून ओढायला लागले. मीही धरला. दोर जड लागत होता आणि मधे खालून काहीच येत नव्हतं, एकदाही नाही, दोनदाही नाही.

दादा वर आले ते मान टाकूनच. ओठ जांभळे, डोळे अर्धे उघडे. काकांनी त्यांना पालथं घातलं, पाठ दाबली. तिकडं शिकवलं होतं म्हणे. पाणी आलं, मग खोकला आला, मग कापड फाटावं तसा आवाज करत पहिला श्वास आला. मायनं तो ऐकला आणि कठड्याला टेकून खाली बसली. ती रडली नाही. बोललीही नाही.

दादांचे पहिले शब्द, "कशाला वढलं? आजून येळ व्हता."

मी त्यांचं मनगट उचललं आणि मायच्या दंडाजवळ नेलं. दोन्ही घड्याळांचे काटे एकाच जागी होते, अगदी बरोबर. नव्याची खूण लावली होती तिथंच, काट्याच्या कितीतरी मागं. जुन्याची खूण मात्र काट्याच्या पाठीला येऊन चिकटली होती. दगड उपटताना पाइपाच्या नटाला कुठंतरी मनगट घासलं असणार. दादा एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिले. चेअरमन वाकून बघून गेले आणि छत्री मिटून उभे राहिले.

मग दादांनी मायला विचारलं, "तुला ह्या नव्यावरनं कळलं व्हय?"

"घड्याळ इमल बघत व्हती. माझा दम सरला."

"तुजा दम?"

माय तोंड फिरवून दोर गुंडाळायला लागली. गया आत्या हंड्यावरून उठली आणि तिला राहवलं नाही. "आवो दादा, तुमी खाली गेलात की ती श्वास घेत न्हाय. तुमच्या पैल्या बुडीपास्नं. साऱ्या भीमनगराला ठावं हाय, फकस्त तुमाला न्हाय."

दादा दोराकडं बघत होते. ओल्या दोराची वेटोळी मायच्या पायाशी पडत होती. मग त्यांनी जुन्या घड्याळाचा पट्टा सोडला आणि ते काकांच्या हातात दिलं. "ठेव तुज्याकडं. माझ्या साहेबाचं हाय, बंद पडू देऊ नगं." काकांनी ते दोन्ही हातांत घेतलं. चेअरमननी आपल्या थर्मासमधला चहा कपात ओतून स्वतः आणून दादांना दिला, आणि तो कप नंतर परत मागितला नाही. ते प्रेम होतं का दुसरं काही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दोन्ही असेल. फुटबॉल दगडातून मोकळा झालाच होता. संध्याकाळपर्यंत साखळीनं तो वर घेतला, आणि दुसऱ्या दिवशी टँकर भरले.

आमच्या बाजारात भांड्यांवर नाव घालणारा एक माणूस बसायचा. छोटी छिन्नी, छोटी हातोडी, टिकटिक करत ठिपक्यांनी नाव उमटवायचा. आमच्या घरात जेवढी भांडी होती त्यांवर कुणाकुणा पाहुण्याचं नाव, नाहीतर दादांचं. पुढच्या बाजारी दादा नवं घड्याळ घेऊन त्याच्याकडं गेले. तो म्हणाला, "घड्याळावर? फुटंल की!" दादा म्हणाले, "उलटं करून पाठीवर घाल. समुद्र सोसतंय, तुजी हातोडी न्हाय का सोसनार?" त्यानं घातलं. दादांनी घरी येऊन ते मायच्या हातात दिलं. मायला अक्षर येत नव्हतं. तिनं त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "काय लिवलंय?"

"सोजरबाई," मी वाचलं.

"नुस्तं?"

"नुस्तं," दादा म्हणाले.

त्यानंतर दादा बुडी मारायचे ते क्वचित, आणि मारली तर त्यांच्या मनगटावर काही नसायचं. घड्याळ मायच्या दंडावर. शेतात, दळणात, माझ्या लग्नात, सगळीकडं दंडावरच.

परवा यशवंतकाकांचा नातू आला होता पुण्याहून. आजोबांचं जुनं घड्याळ त्याच्याकडं आहे. त्याला माझ्याकडचं नवं बघायचं होतं, म्हणजे जे एके काळी नवं होतं ते. दोन्ही टेबलावर ठेवून त्यानं भिंगातून बघितलं. जुन्याची ती करपलेली तबकडी, ते तुपाच्या रंगाचे ठिपके, ती ढिली रिंग, ह्यासाठी शौकीन लोक वेडे होतात म्हणाला. कुणी रंगवलं नाही, घासलं नाही, म्हणून तर त्याची किंमत. मग माझं उलटं केलं आणि चुकचुकला. "आज्जी, ह्याची पाठ कुणी खराब केली हो? एवढं चांगलं घड्याळ!" पोरगा गुणाचा आहे, म्हणून वाचला. मी त्याला म्हटलं, बस खाली, चहा घे, सांगते.

त्याला विहिरीपर्यंतचं सांगितलं. पुढचं सांगितलं नाही, ते इथं लिहिते. माय गेली तेव्हा आम्ही तिला धाराशिवला दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारची वेळ होती, खिडकीतून एसटी स्टँडचा गलका येत होता. तिचा दंड इतका वाळला होता की घड्याळ राहीना, म्हणून दादांनी ते तिच्या मुठीत ठेवून वरून आपली मूठ धरली होती. तिचं बोलणं कालपासून थांबलं होतं. श्वास यायचा, मग बराच वेळ यायचा नाही, मग यायचा. एकदा गेला तो आलाच नाही. सिस्टर आल्या, बघून गेल्या. मी रडत होते. मला वाटलं दादा नुसते बसले आहेत. मग त्यांच्याकडं नजर गेली. ओठ मिटलेले, गळ्याच्या शिरा टरारलेल्या, डोळे तिच्या तोंडावर. ते श्वास धरून बसले होते.

मी हाक मारली, त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि दोनदा ओढली.